बाटली नंबर सात

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. ऐतिहासिक कामाची नोंद हवी.
चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट बनतात. प्लास्टिकमधून वीज जात नाही. त्यात कार्बनच्या नॅनोट्यूब, म्हणजे केसाहून हजारो पट बारीक नळ्या, मिसळल्या की जाते. त्या नळ्या भट्टीत बनवायचं काम माझ्याकडे. मालक दादासाहेब म्हणाले, पंधरा ऑक्टोबरपर्यंत जमलं नाही तर सदाशिवराव, तुम्ही स्टोअर सांभाळा. तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर ही भाषा.
संकल्प: दर बुधवारी आणि शनिवारी एक बाटली नमुना. सबबी बंद.

१० सप्टेंबर
बाटली एक. काळी पूड. पहिल्याच दिवशी यश.
लॅबमधली नवी मिनल म्हणाली ही काजळी आहे, भट्टीत हवा शिरतेय, सील बदला. पीएचडी होऊन वर्ष झालं नाही आणि मला शिकवते. सील मी स्वतः बसवलंय.

२० सप्टेंबर
बाटली चार. आमचा ऑपरेटर चिमाजी म्हणाला, अशी काजळी आमच्या चुलीवरच्या पातेल्याला बी हाय. मेमो दिला.

२७ सप्टेंबर
बाटली सहा. मिनल पुन्हा सीलवर आली. तिच्याशी बोलणं बंद. यापुढे फक्त मेल.

३० सप्टेंबर
उद्या खंडेनवमी. कंपनीभर मशीनपूजा, मशीन बंद. माझ्या लॅबमध्ये हळद, कुंकू, कापूर चालणार नाही, अशी नोटीस लावली. हे विज्ञान आहे.
उद्या मी रजेवर. घरी गाडीची पूजा आहे. चिमाजीला बजावलं, बाटली सात भरलेली दिसली पाहिजे.

४ ऑक्टोबर
भरलेली होती. पूड थोडीच, पण धाक चालतो. सातही बाटल्या पुण्याला तपासणीला पाठवल्या. चिमाजी काहीतरी सांगायला आला होता. ऐकलं नाही. ऐकून घेतलं की ही माणसं डोक्यावर बसतात.

१३ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. एक ते सहा: काजळी. सात: अल्प प्रमाणात नॅनोट्यूब आढळल्या.
आढळल्या. पेढे वाटले. मिनलला दिला नाही.

१५ ऑक्टोबर
दादासाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, सातवी बाटली कशी बनवली. मी तापमान, गॅस, माझी साधना यावर वीस मिनिटं बोललो. मिनल म्हणाली, खंडेनवमीला भट्टी बंद होती, लॉगशीट कोरी आहे.
मग चिमाजी उभा राहिला. म्हणाला, मशीन बंद, साहेब रजेवर, पण बाटली तर पायजे. नोटीस वाचली व्हती, पण मशीनला बिनपूजेचं ठेववलं न्हाई. भट्टीपुढं कापूर जाळला, वर गंजका पत्रा धरला, बसलं ते खरवडून भरलं.
मिनल उडालीच. म्हणाली, कापरातला कार्बन आणि गंजातलं लोखंड, यातून नळ्या बनू शकतात. दादासाहेबांनी चिमाजीची पाठ थोपटली. मी म्हणालो, बाटली भरायचा आदेश माझा होता. ते म्हणाले, आता माझा आदेश, तुम्ही स्टोअर सांभाळा.

२७ ऑक्टोबर
स्टोअरमध्ये पहिला दिवस. खरी सत्ता इथेच असते. माझ्या सहीशिवाय कंपनीत खिळासुद्धा हलणार नाही.
सकाळी पहिली मागणी आली. लॅबकडून. कापूर दोन किलो, भट्टीचं सील एक. खाली मिनलची सही, माल न्यायला चिमाजी. त्याने पेढा पुढे केला. नको म्हणालो. तो टेबलावर ठेवून गेला.
जुनं सील जमा करून घेतलं. तडकलेलं आहे. उलटं बसवल्याच्या खुणाही आहेत. शेऱ्यात लिहिलं: नैसर्गिक झीज.
पेढा बरा होता.