मागच्या बाकावरची बायजी

डहाणू रोड,
शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय नवशी,

अनेक आशीर्वाद. तिकडे जपानात बर्फ पडतंय म्हणे, मोजे दोन-दोन घाल. इकडे चिकूचा हंगाम आहे, थंडी नावापुरती. आपल्या जपानी क्लासची चौदावी बॅच चालू आहे. तेच कमरेतून वाकणं, तेच दोन्ही हातांनी वस्तू देणं. तेच, "आपला त्रास दुसऱ्याला होऊ द्यायचा नाही, कोणी विचारलं तर हसून 'दाइजोबू' म्हणायचं, सगळं ठीक आहे." मीच शिकवते आणि मलाच वीट येतो. थकले गं मी.

हे पत्र आपल्या क्लासच्या निर्मलाच्या हाती देतेय. गुरुवारी निघून ती तुमच्याच वृद्धाश्रमात कामाला येतेय. फोन केला असता, पण फोनवर तू 'दाइजोबू' म्हणतेस, मीही म्हणते, आणि सांगायचं ते राहून जातं.

तुझी आई क्लासला बसायची, आठवतं? काय विचारतेय मी, आठवणारच. तळासरीहून तुला सोडायला आली आणि परतीची एसटी पाचला म्हणून मागच्या बाकावर बसली. मग दर शनिवारी-रविवारी बसतच गेली. तुम्ही वाकलात की तीही वाकायची. पोरी हसायच्या. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, बाईचा वेळ जातोय.

नवशी, चौदा बॅचांत माझा धडा कोणी पुरता अंगी बाणवला असेल, तर तो तुझ्या आईने, बायजीने.

दिवाळीआधी तिला छातीत गाठ लागली. कोणाला बोलली नाही, वाडीत चिकूच्या टोपल्या उचलत राहिली. डिसेंबरात एक दिवस माझ्या पायरीवर बसली ती उठेचना, तेव्हा मी ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" तर ही ताठ बसली, हात मांडीवर ठेवले आणि हसून म्हणाली, "दाइजोबू." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॅन्सर आहे. वेळेवर ऑपरेशन झालं तर बरी होईल म्हणतात. मुंबईची सत्तावीस तारीख मिळालीय, पण ती जायला तयार नाही. म्हणते, "पोरीला कळलं तर काम टाकून येल. नका सांगू, मॅडम." मी शब्द दिला आणि महिनाभर पाळला. दर रविवारी ती माझ्या घरी बसून, पदर सावरून तुझ्याशी हसते आणि फोन ठेवला की भिंतीला टेकते. आज तो शब्द मोडतेय. तिला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि तुझंही मला कळलंय. तिथल्या मुली निर्मलाशी फोनवर बोलल्या. आजी-आजोबांना उचलून तुझी कंबर कामातून गेलीय, बाथरूमची कडी लावून रडतेस. मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलणार तरी कशी? त्याच धड्याला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्क मीच दिले होते.

परवा मी बायजीवर चिडले. म्हटलं, "अगं, रविवारी पोरीचे डोळे सुजले होते, दिसलं नाही तुला?"

"दिसलं की."

"मग विचारलं का नाहीस?"

खाली बघत म्हणाली, "ती हसत होती ना, मॅडम. मी विचारलं तर तिकडची रीत मोडंल. पोरीला लोक रागावतील."

सात वर्षं जपानी माणसांवर पुस्तकं वाचतेय मी. त्यांची रीत वाईट नाही गं. चारचौघांत हसणारी ती माणसंही घरी आईपाशी रडतातच. तेवढं सांगायचं मी विसरले.

पत्र वाचलंस की लगेच फोन कर, रविवारची वाट बघू नको. ऑपरेशनचं आधी काढू नको. "आई, माझी कंबर दुखते," एवढंच म्हण आणि हसू नकोस. मग तीही बोलेल. नाहीच बोलली, तर निघून ये. रजेसाठी तुमच्या साहेबांशी मी बोलते, हातापाया पडते. माझं ती ऐकत नाही. तुला नाही म्हणणार नाही.

अर्धंच शिकवून तुला पाठवणारी,
सुषमा मॅडम