कणकुंबीचा ट्रॅक्टर का थांबत होता, याविषयी आक्कास

मुक्काम कणकुंबी
आश्विन वद्य दशमी, रविवार

तीर्थरूप आक्का,

वाकून नमस्कार केला आहे असे समजावे. (प्रत्यक्ष वाकण्याची माझी क्षमता गेल्या पंधरवड्यात बरीच घटली आहे, कारण पुढे येईल.) तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन महिनासुद्धा झाला नाही आणि तू फराळाच्या कढईपुढे बसू लागलीस, असे कानावर आले. ते खोटे असावे अशी माझी इच्छा आहे. पण इच्छा हा पुरावा नव्हे, हे मीच चौतीस वर्षे बेळगावच्या मुलांना तर्कशास्त्राच्या तासाला सांगत आलो. मी उत्तम आहे. उजवा खांदा आणि कंबर वगळली, तर सर्वांगाने उत्तम आहे.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. आपल्या दोघांच्या नावावरची कणकुंबीची तीन एकर जमीन बहात्तर वर्षांचा एक मनुष्य योग्य यंत्राच्या बळावर साफ राखू शकतो. सबब ती रिसॉर्टवाल्या राजकुमारला विकण्याचे कारण उरत नाही. सबब त्याच्या संमतीपत्रावर तू सही करू नयेस. हे फोनवरही सांगता आले असते. पण इथे रेंज फक्त देवळामागच्या एका दगडावर उभे राहिल्यास मिळते, आणि दुसरे असे की फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला मध्ये बोलतेस. परिणामी गेल्या साठ वर्षांत तुझ्यापुढे माझा एकही युक्तिवाद निष्कर्षापर्यंत पोहोचलेला नाही. पत्रात मध्ये बोलता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, ताज्या कलमांसह.

तुझी अट मला अक्षरशः पाठ आहे. गणपतीत तू म्हणालीस, "भाऊबीजेपर्यंत रान साफ करून दाखव, न्हायतर मी सही करून मोकळी होते. ह्या वयात तुला तिथं जनावर डसलेलं मला बघायचं न्हाय." अट न्याय्य होती. गवत खरोखरच गुडघ्याच्या वर गेले होते आणि त्यात जनावरे असणार, हे मानण्यास सबळ आधार होता. (एक मी स्वतः पाहिले. धामण होती. तिने मला पाहून घेतलेला निर्णय माझ्यापेक्षा लवकर झाला.)

आता यंत्राच्या निवडीविषयी, कारण तिथेच आपला पहिला मतभेद झाला. तुझे म्हणणे, पाठीवर अडकवायचा ग्रासकटर घ्यावा. नागेंद्रचे म्हणणे (नागेंद्र म्हणजे जांबोटीचा मेकॅनिक, हे पत्र तुझ्या हाती देणारा मनुष्य तोच, त्याला चहा दे), हाताने धरून मागून चालायचा पॉवर वीडर घ्यावा. मी दोन्ही तपासले. ग्रासकटर पाठीवर घेताच त्याने मला डावीकडे ओढले आणि मी एक पूर्ण वर्तुळ कापले, ज्यात दुकानदाराची तुळसही आली. वीडर गवत कापत नाही, माती उकरतो. शिवाय तो मागून चालणाऱ्याला चालवतो, त्याच्याशी विचारविनिमय करत नाही. मग मी निकष ठरवला. ज्याची पाठ दुखते त्याने ज्या यंत्राला बसण्याची जागा आहे तेच घ्यावे. एका क्लबाने आपल्या मैदानावरचा बसून चालवायचा, पोटाखाली पाती असलेला छोटा बागेतला ट्रॅक्टर विकायला काढला होता. तो मी घेतला. तुझा अभिप्राय "चिंतू, हे क्रिकेटच्या मैदानाचं खेळणं हाय, रानाचं न्हवं" असा होता. त्यातला पूर्वार्ध मी तेव्हाही मान्य केला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू केले. ट्रॅक्टर दर पाच-सात मिनिटांनी बंद पडू लागला. इथे माझ्या शिस्तीचा उपयोग झाला. केव्हा बंद पडतो, तेवढेच मी पाहिले. का, हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला. नोंदीवरून असे दिसले की वाटेने कुणी वडीलधारे माणूस देवळाकडे जात असले की तो बंद पडतो. तरुण माणसे गेली, तर पडत नाही. क्षणभर मला यंत्राच्या संस्कारांविषयी आदर वाटला. नंतर पुस्तिकेत वाचले की सीटखाली एक बटण असते. चालवणारा पडला तर पाती फिरत राहू नयेत म्हणून तो सीटवरून उठताच इंजिन आपोआप थांबते. आणि मी (आपल्या घरची सवय, तुझ्याच हाताखाली लागलेली) वडीलधाऱ्याला बसून नमस्कार करत नाही, उठून करतो. तेव्हापासून मी बसून मान लववतो. गावात माझ्याविषयी काय बोलले जाते ते मी विचारलेले नाही.

हे कोडे सुटल्याने माझा आत्मविश्वास वाढला, आणि पुढील सर्व अनर्थ त्या वाढीव आत्मविश्वासाचा आहे. कारण आता मी अढळ बसलो असतानाही ट्रॅक्टर थांबू लागला. बरोबर दहा मिनिटे चालायचा, मग खोकायचा, मग गप्प. अर्धा तास सावलीत ठेवला, पेट्रोल आहे ना हे झाकण उघडून पाहिले, आणि चावी फिरवली की पुन्हा दहा मिनिटे. हे मी बावीस वेळा पाहिले. बावीस वेळा एकच क्रम घडल्यावर शहाण्या माणसाने कारण मानावे, असे मी शिकवले आहे. सिद्धान्त असा निघाला की इंजिन तापते आणि विश्रांती मिळाली की निवते. मी त्यावर ओले पोते घातले. नंतर चालवताना एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने इंजिनावर छत्री धरली. (खांद्याचे कारण हे.) दहाची अकरा मिनिटे झाली, तेव्हा मला जो आनंद झाला त्याचे वर्णन करणे माझ्या वयाला शोभणार नाही.

नागेंद्र तीनदा आला. त्याची पद्धत अशी, की हात धुतल्यासारखे चोळायचे, आधी टाकीचे झाकण काढून पेट्रोल बघायचे, मग झाकण लावून चावी फिरवायची. त्याच्यापुढे ट्रॅक्टर दर वेळी सुरू झाला. "काय ओ सर, सुपर चालायलाय की!" असे म्हणून तो मोटारसायकलवर बसे, आणि त्याच्या मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे गेला की ट्रॅक्टर थांबे. तिसऱ्या खेपेला त्याने प्लग बदलला, हवेचा फिल्टर झटकला, कार्बोरेटर उघडून फुंकला, आणि शेवटी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू पुढचा बदलायचा भाग मीच असावा. "सर, तुम्ही त्याला लई विचारतायसा. जरा गप चालवा की."

गुरुवारी दुपारी मी हिशेब मांडला. एकशे वीस गुंठ्यांपैकी माझ्याकडून तेरा झाले होते. सतरा गुंठे रुक्माबाईने कोयत्याने कापले होते. (रुक्माबाई शेजारची, वय तुझ्यापेक्षा थोडे कमी. ती रोज म्हशीसाठी दोन भारे नेते. तिला मी मोजणीत धरणार नव्हतो, पण तसे केले असते तर आकडा फारच केविलवाणा झाला असता.) नव्वद गुंठे उरले होते. दहा मिनिटे काम, अर्धा तास विश्रांती, या गतीने वीस दिवस लागणार होते, आणि भाऊबीज दहा दिवसांवर होती. निष्कर्ष निर्दोष होता. संध्याकाळी राजकुमार आला, चहा घेऊन गेला. शालीन मनुष्य आहे.

शुक्रवारी सकाळी ट्रॅक्टर नेहमीप्रमाणे दहा मिनिटांनी थांबला. मी छत्री मिटून आंब्याखाली बसलो. रुक्माबाई डोक्यावरचा भारा उतरवून जवळ आली आणि तिने विचारले, "आप्पा, रोज कशाची वाट बगता?" मी सांगितले, निवण्याची. ती इंजिनाला हात लावायला गेली आणि चटका बसताच तिने तो मागे घेतला. मग पदराने टाकीचे झाकण फिरवले. आतून फुस्स असा आवाज आला. तिने झाकण जसेच्या तसे परत लावले आणि ती म्हणाली, "आता बसा." मी म्हटले, इंजिन अजून तापलेले आहे, चालणे अशक्य. ती म्हणाली, "अशक्य म्हंजे? बसा तर." मी बसलो. चालू झाला.

आक्का, मी त्या सीटवर बसून होतो आणि खाली इंजिन धडधडत होते, आणि मला उमगले की बावीस वेळा मी दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या: वाट पाहिली होती आणि झाकण उघडले होते. श्रेय वाट पाहण्याला दिले. रुक्माबाईने वाट पाहणे काढून टाकले आणि फक्त झाकण उघडणे ठेवले. तर्कशास्त्रातला व्यतिरेक! माझ्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी तो परीक्षेत धड लिहिला. तिला मी विचारले, तुला कसे कळले? ती म्हणाली, "तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडत्यात, व्हय का न्हाय? एक तेलाचं, एक वाऱ्याचं. वाऱ्याचं बुजलं की तेल येत न्हाय. तुमच्या झाकणाला भोक हाय, पन त्यात काय भरलंय बगा."

भरले होते गंध. इथे मला अत्यंत सौम्यपणे एक वस्तुस्थिती तुझ्या नजरेस आणायची आहे. खंडेनवमीला तूच निरोप धाडला होतास, की नवे यंत्र आहे, पूजा चुकवू नकोस, माथ्याला गंध लाव. मी पूजा करत नाही. परंतु तुझी आज्ञा मोडण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. प्रश्न होता माथा कोणता. सीट सर्वांत उंच, पण ज्यावर मनुष्य बसतो त्याला माथा म्हणणे अनुचित. बॉनेट हे फार तर पोट, कारण धडधड तिथे होते. मग मी विचार केला की अन्न मुखातून जाते, मुख मस्तकात असते, आणि या यंत्राचे अन्न ज्या ठिकाणी जाते ते टाकीचे झाकण. म्हणून झाकण हाच माथा. त्यावर मी सहाणेवर उगाळलेले चंदन, हळद-कुंकू घालून, बोटाएवढे जाड लावले आणि अक्षता घट्ट दाबल्या. करायचे तर नीट करावे. झाकणाच्या नेमक्या मध्यावर सुईच्या टोकाएवढे भोक असते, हे पुस्तिकेच्या एकोणतिसाव्या पानावर आहे. मी सव्वीसपर्यंत पोहोचलो होतो. या प्रकाराला मी चूक म्हणणार नाही. आज्ञा तुझी, अनुमान शुद्ध, भोक अज्ञात.

भोक रुक्माबाईने केसातल्या आकड्याने मोकळे केले. शुक्रवार दुपारपासून आत्तापर्यंत छत्तीस गुंठे झाले. उरलेल्या चौपन्नांत वीस गुंठे उतार आहे. तिथे जांभ्याचे दगड वर आलेले आहेत आणि पाती आपटतात, म्हणून तो भाग कोयत्याचा. बाकीचे मी गुरुवारपर्यंत संपवतो. विधान सिद्ध झाले. आणखी एक नोंद, जिचा युक्तिवादाशी संबंध नाही: शनिवारी मी सलग दोन तास गवत कापले आणि त्या दोन तासांत मला एकही विचार सुचला नाही. बहात्तर वर्षांत हे पहिल्यांदा घडले. खाली उतरलो तेव्हा कापल्या गवताचा वास येत होता, आणि आपल्या वडिलांनी लावलेला तो फणस, जो गेला असे आपण दोघे समजत होतो, गवतातून बाहेर आला होता. जिवंत आहे. खाली तीन नवे फुटवेही आहेत.

डोळ्याला जप. औषधाचे थेंब वेळेवर घालावेत, अंदाजाने घालू नयेत.

तुझा
चिंतामणी

ता. क. रुक्माबाईला चकल्या आवडतात, असे तिने तीनदा सहज सांगितले. नागेंद्रबरोबर पाठवता आल्या तर पाहा. मला नकोत. (थोड्या चालतील.)

दुसरा ता. क. राजकुमार मंगळवारी निपाणीला तुझ्याकडे येणार आहे. चष्मा लावून बस. त्याच्या हातातल्या कागदाकडे नीट बघ. घाईने काही करू नकोस. खरे तर काहीच करू नकोस.

तिसरा ता. क. नागेंद्र गाडी काढून उभा आहे आणि हॉर्न वाजवतो आहे, म्हणून थोडक्यात. गुरुवारी संध्याकाळी राजकुमार चहा घेऊन गेला असे मी वर लिहिले. तो केवळ चहा घेऊन गेला नाही. दुपारी मी सिद्ध केले होते की रान भाऊबीजेपर्यंत होणार नाही. तुझी अट होती, आणि मी माझ्याच निष्कर्षाला बांधलेला होतो. म्हणून संमतीपत्रावर मी सही करून दिली. वाट पाहिली असती तर सोळा तास पुरले असते. काल दगडावर उभा राहून फोन करून मी कागद परत मागितला. तो म्हणाला, "सर, आक्का न्हाय म्हटल्या तर कागद फाडून टाकतो. त्या हो म्हटल्या तर मात्र तुमचं काही चालायचं न्हाय." आक्का, जन्मभर मी तुझ्या प्रत्येक 'नाही'चे खंडन करत आलो. मंगळवारचे एक मला हवे आहे. कारण देण्याची गरज नाही.

चूक एक. माझी. मान्य.

(सही) चिंतामणी