पडद्यावरचे ठिपके

४ नोव्हेंबर, मंगळवार

लागले एकदाची कामाला! जयसिंगपूरहून सकाळच्या एसटीत बसवताना आईनं डोळ्याला पदर लावला, जशी काही मी सासरीच निघाले होते. कोल्हापूर असं कितीसं लांब? मुक्काम बाबासोमामांच्या घरी. मी लागले त्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत मामा बावीस वर्षं भट्टीवर आहेत. माझं नाव मालकांच्या, म्हणजे सोमेश साहेबांच्या कानावर त्यांनीच घातलं.

काम सोपं आहे. भट्टीभोवतीच्या नळ्यांतून थंड पाणी फिरतं. ते पंचावन्न अंशांच्या वर तापलं तर नळी फुटू शकते, आणि पाणी वितळलेल्या लोखंडात गेलं की स्फोट. आपोआप वाजणारा भोंगा दुरुस्तीला गेलाय, तो येईपर्यंत भोंगा म्हणजे मी. वरच्या काचेच्या खोलीत बसून आकडे बघायचे आणि चढले की इंटरकॉमवर खाली सांगायचं. खाली भट्टीच्या तोंडाशी मामाच असतात. काचेतून त्यांचं पिवळं हेल्मेट दिसतं.

आकडे कॉम्प्युटरवर टीमक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये दिसतात. मामींना रात्री समजावून सांगितलं की एका काळ्या पडद्याचे शेतासारखे वाफे पाडायचे, प्रत्येक वाफ्यात वेगळं काम. आपण उठून गेलो तरी आतलं काम चालूच राहतं, परत येऊन जोडून घ्यायचं. एका पडद्याला दोघं-तिघंही जोडून राहू शकतात. मामी म्हणाल्या, मग घरातल्या टीव्हीला लाव की गं ते, भांडणं तरी मिटतील.

माझ्याआधी इथं धम्मपाल नावाचा मुलगा होता. दिवाळीनंतर आलाच नाही, फोनही बंद. त्याची आई रोज साहेबांना फोन करते. काही कळलं तर सांग म्हणून साहेबांनी तिचा नंबर मला दिलाय, वहीच्या कडेला लिहून ठेवते. मामा म्हणाले, लई गुणाचं पोरगं, दोनदा घरी जेवून गेलंय. तो गेला, पण त्याचं नाव पडद्याला अजून जोडलेलं होतं. दुसऱ्याचं खरकटं ताट मला पुढ्यात चालत नाही. मी बसताना बाकीच्यांना बाहेर काढायची आज्ञा दिली. एक अक्षर जास्त लिहावं लागतं, बस्स. गेला बिचारा.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पडदा माझ्या मनासारखा केला. धम्मपालनं सगळं आलं तसंच ठेवलं होतं, तळाला ती भडक हिरवी पट्टी. मी पट्टी हळदी रंगाची केली, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि पाण्याचा आकडा, वाफ्यांच्या कडा फिक्या निळ्या. बोटं ताणावी लागणारी आज्ञेची कळ बदलून जवळची घेतली. परक्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधत बसणं मला जमत नाही. पाणी दिवसभर एकेचाळीस.

एक विचित्र झालं. साहेबांना विचारलं, धम्मपालच्या आईचा आज फोन आला का? ते म्हणाले, कोण धम्मपाल? ही जागाच नवीन आहे, तुझ्याआधी कुणी नव्हतं. थट्टा करत असतील म्हणून मी हसले. ते हसले नाहीत.

घरी मामांना विचारलं. त्यांनाही नाव आठवेना. म्हणाले, असल्या नावाचं आपल्यात कुणी न्हाय बाई, तू दमलीयास. कालच तर हेच मामा त्याच्या जेवणाचं सांगत होते! मला राग आला, नंतर जरा भीतीच वाटली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी पडदा लहान झालेला. उजवीकडं आणि खाली नुसते ठिपके, ओळीनं. याचा अर्थ मला माहीत आहे. कुणीतरी दुसरं जोडलेलं आहे आणि त्याची खिडकी माझ्याहून लहान आहे, म्हणून सगळ्यांनाच तेवढंच दिसतं. यादी काढली. दोन नावं. प्रीती, म्हणजे मी. आणि धम्मपाल.

कुठून जोडलाय ते बघितलं. वाटलं, पुण्याबिण्यात नोकरी धरून बसला असेल. तर तो याच कॉम्प्युटरवरून जोडलेला. याच कीबोर्डवरून, याच खुर्चीतून.

मी खुर्चीतून उठलेच. भरदिवस, खाली साच्यांची धडधड, गडी एकमेकांना हाका मारतायत. उभ्यानंच त्याला परत बाहेर काढलं. ठिपके गेले.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल तीनदा आला, तीनदा काढला. दर वेळी ठिपके जास्त, पडदा आणखी लहान.

आज अकरा वाजता पडदा एकदम कोरा झाला. एकच शब्द उरला, डिटॅच्ड. म्हणजे सुटलेली. या वेळी त्यानं मला काढलं होतं.

लगेच परत जोडून घेतलं. पण दुपारचा चहा वर आलाच नाही. खाली गेले तर चहावाली बयाबाई म्हणाली, वर कोण बसतंय व्हय? संध्याकाळी हजेरीच्या मशीननं माझा अंगठा घेतला नाही. सात वेळा लावला.

मी भ्याले आहे. हे लिहायला लाज वाटत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

फौंड्रीला आठवड्याची सुट्टी. मामांच्या मोबाइलवर खंडेनवमीचे फोटो बघत होते. भट्टीला हार, पुढं नारळ. मामा, साहेब, आणि दोघांच्या मधे एक सडपातळ मुलगा, मामांच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. मामांना दाखवला. मामांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, कोण पावणं हाय की.

तेव्हा कळलं. तो पडदा हे त्याचं शेवटचं टोक होतं. तेवढ्यानंच तो जगाला जोडलेला होता. पहिल्या दिवशी मी मजेत एक अक्षर लिहिलं आणि ते तोडलं.

जयसिंगपूरची एसटी पकडावी असं दहादा मनात आलं. पण मी गेले तर पाण्याकडं कोण बघणार? मामांना म्हटलं, भोंगा येईपर्यंत भट्टीवर जाऊ नका. हसले. म्हणाले, भट्टी काय थांबती व्हय, खुळे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

तो होता. मी काढलं नाही. रिकाम्या वाफ्यात लिहिलं, धम्मपाल, माझी चूक झाली.

 मग एकेक अक्षर उमटायला लागलं. माझी बोटं मांडीवर होती आणि समोरच्या कळा आपोआप खाली जात होत्या. आई विचारते का माझं, एवढंच लिहिलं त्यानं.

वहीच्या कडेचा नंबर लावला. बाईंचा आवाज चांगला, मोकळा. मी म्हटलं, धम्मपालबद्दल बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, चुकून लागला बाई, मला ल्योक न्हाय. मूलच झालं न्हाय मला.

खोटं लिहायला हवं होतं. माझ्यानं लिहवलं नाही. खरं लिहिलं.

कळा थांबल्या. मग डिटॅच्ड. मी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर जोडून घेत होते. एकदा घेतलं, क्षणभर. आता लहान खिडकी माझी आहे — तळहाताएवढी. पुन्हा बाहेर.

साहेब वर आले, रिकाम्या खुर्चीला म्हणाले, काय धम्मपाल, बरं वाटतंय न्हवं आता? आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

घरी मामींनी दोनच ताटं घेतली.

मामा जेवताना खुशीत. म्हणाले, धम्मपाल आलाय परत, आजारी हुता बिचारा. उद्या आईला भेटायला गावाकडं जाणार हाय.

मी ओरडले. मामा, मी इथं आहे. मामींनी खिडकी लावून घेतली, वारं येतंय म्हणाल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तो गेला. आईकडं. त्याला दोष तरी कसा देऊ —

खुर्ची रिकामी. साहेब खाली म्हणाले, दोन दिवस पाण्याकडं बघायला कुणी न्हाय, तसंच चालवा.

मी बघतेय. पडदा दिसतो, कळा दाबल्या जात नाहीत. ४३. ४४. पाणी चढतंय —

आईला फोन लावायची छाती होत नाही. कोण प्रीती, म्हणाली तर —

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी अकरा. ४९.

इंटरकॉम उचलला. खाली मामांनी घेतला. हॅलो, हॅलो, कोण हाय? मग कुणाला तरी म्हणाले, कुणी बोलंनाच झालंय. ठेवला.

५२. परत लावला. उचललाच नाही.

५४ —

खाली आले. मामांच्या शेजारी उभी आहे. करंट तोडायचं लाल बटण दाबते, तळहातानं, दोन्ही हातांनी — आत जातच नाही. मामांची बाही ओढली. घाम पुसावा तशी त्यांनी ती झटकली.

पेन चालतंय. कागदावर उमटतंय. मोठ्या अक्षरात लिहिते आणि वही त्यांच्या डोळ्यांसमोर धरते —

मामा मागं सरा

मामा पाणी तापलं लाल बटण दाबा

मामा मी प्रीती —

मामा थांबले. वहीकडं बघतायत. बघतायत! ओठ हलतायत, एकेक अक्षर जुळवून वाचतायत, पानाच्या अगदी वरच्या ओळीपासून —

मामा वाचत बसू नका आधी बट