दहा मिनिटांत प्रोलॉग, आणि मध्येच कचरा

७ एप्रिल, सोम.

मिळाली! दहा मिनिटं मिळाली! शुक्रवारी दुपारी, नव्या मुलांसमोर. हिरानो-सान, आमचे साहेब, कॉफीच्या मशीनपाशी इतकं सहज म्हणाले की मला वाटलं हवापाण्याचंच बोलतायत. "ती तुमची प्रोलॉग एकदा मुलांना दाखवा की." प्रोलॉग म्हणजे माझी लाडकी कॉम्प्युटरची भाषा. मुलं म्हणजे कॉलेजातून थेट आलेली, सगळ्यांचे काळे कोट, लिफ्टमध्येसुद्धा वाकून नमस्कार करतात बिचारी.

अट अशी. मुलांपैकी कुणी आपणहून म्हणालं की ही भाषा शिकायचीय, तर गोदामाचं काम प्रोलॉगमध्ये. कुणीच नाही म्हणालं तर नेहमीप्रमाणे जावात, आणि मी परत टेस्टिंगला. गोदामाचं म्हणजे बंदरावर कुठल्या मालाशेजारी कुठला माल ठेवायचा नाही, ते. नियमच नियम! प्रोलॉग जन्माला आलीय ती अशाच कामांसाठी. केव्हापासून घसा कोरडा करतेय मी, पण योकोहामाच्या त्या अख्ख्या मजल्यावर ही भाषा येणारी मी एकटी, ऐकणार कोण.

परत टेस्टिंग नको. देवा, नको.

८ एप्रिल, मंगळ.

दाखवायचं काय पण? पुस्तकात असतं ते, कोण कुणाचा बाप, कोण कुणाचा आजोबा, ते काल मंदारला दाखवलं. जांभई! सख्खा नवरा जांभई देतो तर ती पोरं काय करतील.

आज सकाळी कचरा टाकायला खाली गेले. एका हातात दुधाचा खोका, दुसऱ्या हातात लेकीचं चिप्सचं पाकीट, आणि कुठला कचरा कुठल्या वारी, तो भिंतीवरचा तक्ता वाचत उभी. आज काय, उद्या काय, हे कशात जातं, ते कशात... आणि एकदम... अगं बाई, हाच की डेमो!

कुठली वस्तू कुठल्या प्रकारात ते सांगायचं. कुठला प्रकार कुठल्या वारी ते सांगायचं. बास. उत्तर कसं शोधायचं ते सांगायचंच नाही, तिचं ती बघते. "चिप्सचं पाकीट कधी?" विचारलं की वार सांगते. आणि खरी गंमत शेवटी. तेच उलटं विचारायचं: "बुधवारी काय काय?" नवीन एक ओळ न लिहिता सगळ्या वस्तू धडाधड समोर! जावावाल्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

ट्रेनमध्ये उभ्याउभ्या फोनवर निम्मं लिहून काढलं. गाडी बदलायला ओतेमाचीला उतरायचंच विसरत होते.

१० एप्रिल, गुरु.

सईवर रंगीत तालीम. आमची कन्या, वय नऊ, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर. म्हटलं, विचार हिला काहीही. विचारलं काय तर, "आईला कुठल्या वारी टाकायचं?" मंदार हसून हसून लोळला. प्रोलॉग म्हणाली, फॉल्स, म्हणजे नाही. सईचा निष्कर्ष, आईला टाकता येत नाही. तिला समजावलं की अगं, हिला आई म्हणजे काय तेच माहीत नाही. जे सांगितलं नाही ते हिच्या लेखी नाहीच. सई: "हेन ना नो." म्हणजे विचित्रच आहे. आहेच.

मं. म्हणतो, उलटा प्रश्न आधी दाखव, शेवटासाठी राखून ठेवू नकोस. नाही हं. शेवटी टाळ्या घ्यायच्यात मला.

११ एप्रिल, शुक्र.

फज्जा. पार फज्जा.

सुरुवात झकास झाली होती. पाकीट विचारलं, वार आला, मागून कुणीतरी "ओऽऽ" केलं. मी हवेत. तेवढ्यात पहिल्या रांगेत एक हात, अर्धाच वर. मोरी-सान, उत्तरेकडची मुलगी, बोलायच्या आधीच माफी मागणारी. "माफ करा, पण माझ्या गावी ते पाकीट जाळायच्या कचऱ्यात जातं." शेजारचा कुबो-सान म्हणे, आमच्याकडे धुवून वेगळं. तिसरी म्हणे, आमच्याकडे वारच वेगळा.

मला वाटायचं सगळ्या देशात एकच नियम! आल्यापासून टोकियोतलं हे निशी-कसाई सोडून राहिलेय कुठे मी? आमच्या इमारतीच्या भिंतीवरचा तक्ता म्हणजे माझ्या मते जपानचा कायदा. ऑफिस योकोहामात, निम्मी पोरं तिथल्याच हॉस्टेलात, एवढंही डोक्यात येऊ नये? आणि मग हिरानो-सानच मागून उठले, बाटलीच्या झाकणाबद्दल त्यांचंही काही म्हणणं होतं. जी माणसं मीटिंगमध्ये चकार शब्द काढत नाहीत ती बाटलीच्या झाकणावरून तावातावाने बोलत होती. मी आपली "हाय, हाय", म्हणजे हो, हो, करत मान हलवतेय. टिंग! घंटी वाजली. वेळ संपली.

उलटा प्रश्न दाखवलाच नाही. वाकले, हसले, जागेवर येऊन बसले.

मं.चा फोन: "काय दाखवलंस?" "कचरा." मी सांगत होतो, असं तो म्हणाला नाही. नशीब त्याचं.

१२ एप्रिल, शनि.

चिडचिड. सईवर उगाच ओरडले. दुपारी स्वतःवरच वैतागून प्रोग्रॅम उघडला आणि प्रत्येक माहितीत गावाच्या नावासाठी एक जागा वाढवली. कुणाला दाखवायचंय आता? कुणाला नाही. पण चुकीचं तसंच पडलेलं बघवत नव्हतं.

१४ एप्रिल, सोम.

काय सांगू! काय सांगू आणि कुठून सांगू!

जेवायच्या सुट्टीत मोरी-सान माझ्या टेबलापाशी. हातात कोपऱ्यावरच्या दुकानातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, मागे कुबो-सान. "ते शुक्रवारचं... आमच्या गावाचं घालून बघितलं तर चालेल का?" चालेल का? अगं, धावेल! लॅपटॉपच सरकवला तिच्यापुढे. तिने प्रश्न लिहिला, शेवटी पूर्णविराम द्यायला विसरली, प्रोलॉग आपली ढिम्म. मोरी-सानने लॅपटॉपची माफी मागितली! मी टिंब दिलं, उत्तर आलं. मग तिने गावाची माहिती घातली. नियमाला हात लावला नाही, आणि तिच्या गावाचं उत्तर तिच्या गावासारखं आलं. मग कुबोने त्याचं घातलं.

आणि मग त्या पठ्ठ्याने काय करावं? पाकीट लिहिलं, मंगळवार लिहिला, आणि गावाची जागा रिकामी सोडून विचारलं. उलटा प्रश्न! मी दाखवलासुद्धा नव्हता! उत्तरात मोरी-सानचं गाव. "एएए?!" असा ओरडला की पलीकडच्या टीमने माना वर केल्या. मला काटा आला अंगावर. सुट्टी संपेपर्यंत निम्मी पोरं माझ्या टेबलाभोवती, जो तो आपापलं गाव घालतोय, भांडतोय, परत विचारतोय.

शुक्रवारचं ते भांडण हाच खरा डेमो होता की. ठरवून केलं असतं तर सात जन्मांत जमलं नसतं.

१५ एप्रिल, मंगळ.

पोरं आजही आली. खेळली, गेली. हिरानो-सानना मात्र कुणी काही बोलत नाही. आणि अट तर तीच! आपणहून मागितलं पाहिजे.

शेवटी न राहवून मोरी-सानला विचारलं, साहेबांना सांगाल का? पांढरी पडली. नोकरीला लागून महिना नाही झाला आणि साहेबांकडे काही मागायचं, तेही एकटीने, सीनियरना न विचारता? कुबो-सान म्हणाला, "आधी आम्ही आपापसात बोलून बघतो." म्हणजे आधी आपापसात, मग हॉस्टेलातल्या सीनियरशी, मग त्या सीनियरच्या सीनियरशी. पुण्यात पोरांनी साहेबाला कँटीनमध्येच गाठलं असतं, तेही तोंडात घास असताना.

हिरानो-सान समजत असतील, कुणालाच नकोय. जाऊन ओरडून सांगावंसं वाटतंय. सांगता येत नाही. बोटं मोडत बसलेय.

१७ एप्रिल, गुरु.

मागितली! सगळी पोरं एकदम, साहेबांच्या टेबलासमोर ओळीने उभी, मोरी-सान पुढे. आधी माफी मागितली, मग बोलली. मी स्क्रीनकडे बघण्याचं नाटक करत होते, एक अक्षर वाचलं असेल तर शपथ.

मग मला छोट्या खोलीत बोलावलं. हिरानो-सान: "मुलांचं ऐकलं. एकच विचारतो. गोदामाचा एखादा नियम आपणच चुकीचा सांगितला, तर ती ओळखेल का?"

गोलगोल बोलता आलं असतं. येतं मला. पण म्हटलं, "नाही. आपण सांगू ते ती खरं धरते. माझ्या वॉर्डाचा नियम मी सगळ्यांचा म्हणून सांगितला, तर तिनेही मुकाट्याने तेच सांगितलं."

काचेपलीकडे पोरं, सगळीच्या सगळी अगदी ठरवून दुसरीकडे बघत होती.

"मग नियम बरोबर आहेत, ही जबाबदारी कुणाची?"

"माझी."

निघूनच गेलं तोंडातून. इथे हा शब्द असा कुणी उच्चारत नाही, त्याआधी बैठकांवर बैठका होतात, कागद फिरतात. हिरानो-सान रागावले की खूश झाले, काही कळेना. "सोमवारी सांगतो," एवढंच म्हणाले.

मं.ला फोन केला. "बंदरावरच्या मालाची? एकटीने? वेड लागलंय का तुला?" लागलंय. हे लिहितानासुद्धा हसू येतंय. हो म्हणाले तर माझी झोप उडणार, चुकलं तर नाव माझंच. नाही म्हणाले तर ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडेन. तरी हो म्हणू देत. म्हणू देत हो.