भिंतीवरचे हळदीचे हात

२७ जुलै

आलो एकदाचे पुण्यात. वर्ध्याहून रात्रभर गाडीत बसून अंगाचा पार भुगा झाला, पण घर पाहिलं नि शीण उतरला. विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याच्या आतल्या गल्लीत चाळीस वर्षांची दुमजली इमारत. तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या नि स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. शेजारी मांडववाल्याचं गोदाम, वर मालक रविराज आणि त्यांची आई सरुबाई. इमारतीचं नाव 'सूर्यकिरण'. आत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, म्हणजे नाव सोनुबाई नि हाती कथलाचा वाळा. सुदर्शनला हे सांगितलं तर तो म्हणाला, दीपे, पहिल्याच दिवशी खोड काढू नको. बरं बाप्पा, नाही काढत.

संध्याकाळी सरुबाई ताटात हळदीचं पाणी घेऊन आल्या. नवी बाई घरात आली की आतल्या खोलीच्या भिंतीला हळदीचा हात द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. नुकताच रंग दिलेली पांढरीशुभ्र भिंत खराब करायला जीव होईना, पण मोडता कशाला घाला? दिला उजवा हात. भिंत गारेगार लागली. नंदूनेही लगेच हट्ट धरला. पाच वर्षांची झाली तरी मी करेन ते तिला करायचंच असतं. मीच तिला उचललं, मीच तिचा पंजा ताटात बुडवला नि माझ्या हाताशेजारी उमटवला. सरुबाई बघत होत्या. जाताना एवढंच विचारलं, येकुलती हाय का?

१ ऑगस्ट

सुदर्शन आज सानंदच्या कारखान्यात गेला, दोन महिन्यांसाठी. पुण्याची नोकरी म्हणून आणलं नि स्वतः गुजरातेत. मी हेडफोन लावून लोकांच्या विम्याच्या तक्रारी ऐकते, नंदू शाळेतून आली की तिची ऐकते. कपाटात डांबरगोळ्या टाकल्या, तांदळात कडुनिंबाचा पाला घातला. घर लागलं एकदाचं. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण छान वाटतंय.

६ ऑगस्ट

चपलांवर पांढरी लव आली आहे. लग्नातल्या शालूच्या घडीतही. वर्ध्याला असलं कधी पाहिलं नव्हतं. रविराजना विचारलं तर म्हणाले, पुण्यात पावसाळ्यात ओल येते, आपल्याकडे पाऊस पडत नसेल म्हणून आपल्याला कौतुक. इथली माणसं अहो-जाहो करत चिमटा काढतात, म्हणजे ओरडायचीही सोय नाही.

नंदूला कोरडा खोकला लागला आहे. हळद-दूध देते आहे.

१० ऑगस्ट

भिंतीवरची हळद उडाली आणि तिच्या जागी बुरशी आली. हिरवट काळी, अगदी पंजाच्या आकाराची. एक माझा, एक नंदूचा. हळदीच्या पाण्याने तेवढी जागा ओली राहिली असणार, त्यात नवल काय. ब्लीचिंग पावडर कालवली, तोंडाला ओढणी बांधली नि घासून काढलं. माझा हात पुसला गेला. नंदूचा जाईना. घासत होते तेवढ्यात पलीकडच्या खोलीत तिला खोकल्याची अशी उबळ आली की बादली टाकून धावले.

१४ ऑगस्ट

रविराजनी महिपती नावाचा रंगारी पाठवला. चांगला बोलका माणूस, पत्रा लावून रंग खरवडता खरवडता मुलीच्या लग्नाचं सांगत होता. रंगाचे थर निघत गेले तशी आतून बुरशी दिसू लागली. पंजेच पंजे. सगळे उजवे, सगळे मोठ्या बाईमाणसाचे. मी मोजले, सात. महिपतीने चहासुद्धा न पिता सामान गोळा केलं नि दुसऱ्या कुणाला पाठवतो म्हणून निघून गेला. कुणी आलं नाही.

माझ्याआधी सात भाडेकरणी होऊन गेल्या एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतःला हेच सांगते आहे.

१७ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, ही बुरशीची ॲलर्जी आहे, औषध देतो, पण घर बदला. सुदर्शनला फोन केला. तो म्हणे, करारात सहा महिने घर सोडता येत नाही असं लिहिलं आहे, जानेवारीपर्यंत काढ कशीतरी, मी गौरींना येतोच आहे. मी म्हटलं, करार तू घेऊन बस, पोरगी माझी आहे. मग दोन दिवस घरं शोधली. नवरा कुठे असतो, मटण खाता का, मूल भिंती खराब करतं का. या शेवटच्या प्रश्नाला मला रडू आलं.

२० ऑगस्ट

आज दुपारी नंदू झोपली होती नि मी भिंतीसमोर बसून होते. तिच्या पंजाची कड ओली होते, मग सुकते. ओली होते, सुकते. बराच वेळ बघत राहिले तेव्हा कळलं, तिची छाती वरखाली होते आहे त्याच तालात.

लिहिलं एकदाचं. वाचून हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

२२ ऑगस्ट

नोकरी गेली खड्ड्यात, वर्ध्याला जायचं ठरवलं. बॅग भरली, रिक्षा बोलावली. गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीपाशी पोचलो नि नंदूचा श्वास अडकला. ओठ निळे. रिक्षा तशीच डॉक्टरांकडे नेली, त्यांनी वाफ दिली, इंजेक्शन दिलं, काही उपयोग होईना. मोठ्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत ती माझ्या ओढणीला धरून घरी चल, घरी चल एवढंच पुटपुटत होती. माझं काय डोकं फिरलं कोण जाणे, मी रिक्षा वळवली. उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं नि तिने लांब श्वास घेतला. वरणभात मागितला.

२३ ऑगस्ट

पुन्हा करून पाहिलं. कडेवर घेऊन, चालत. गिरणीपर्यंतच. तिथून पुढे माझ्या पोरीला हवा मिळत नाही.

आईने पोरीवर असले प्रयोग करावेत. मला माझीच किळस आली.

२४ ऑगस्ट

घरात राहिली तरी वाचते असं नाही. खोकल्यातून आज काळं पडलं. भिंतीवरचा तिचा पंजा ठसठशीत झाला आहे, बोटांच्या रेषासुद्धा दिसतात. डॉक्टर घरी येऊन गेले. छातीचा फोटो काढायला आणा म्हणाले. कशी आणू? त्यांना हे कसं सांगू?

२६ ऑगस्ट

वर गेले. सरुबाई गणपतीसाठी दूर्वा निवडत होत्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, मी खरंच पाय धरले. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, बांधली तवा ही भिंत दोनदा पडली, वल हाय म्हणून उभी हाय. भिंतीला माणूस लागतं. म्या कवा सांगितलं पोरीचा हात लाव म्हून? तुझा येकटीचा आसता तर पुसला आसता, तू गेली आसती. पण लेकराचा हात भिंत सोडत न्हाई. आन लावत्यात समद्याच आया. हौस आसती.

मी विचारलं, मग ती सात?

त्या म्हणाल्या, सात लेकरं हायेत, समदी धडधाकट. एक तर विंजिनेर झालं.

मला मारायचं होतं त्यांना. पण मी विचारलं, कसं?

लेकराच्या हातावर आईनं आपला हात ठिवायचा, म्हणाल्या. आपणहून.

खाली येऊन पुन्हा ते सात पंजे बघितले. मोठे, बायकांचे. प्रत्येकाखाली एक छोटा असणार. मी का नाही बघितलं—

२८ ऑगस्ट

वर आरत्या चालल्या आहेत. नंदू दोन घास खाते, उलटून टाकते. रिकाम्या पिशवीसारखी हलकी झाली आहे. मी तिच्याशी दिवसभर बोलत राहिले. वेणी घालायला शिकवली. आजीचा फोन नंबर पाठ करून घेतला, तीनदा म्हणून दाखवला तिने. कशाला ते विचारलं नाही.

मला भीती वाटते. खूप. हे कुठेतरी लिहिलेलं असू दे.

३० ऑगस्ट

सुदर्शन आला. नंदूला पाहून दारातच बसला. मी त्याला खोटं सांगितलं— वर्ध्याच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आहे, उद्याच घेऊन जा, मी सामान आवरून चार दिवसांत येते. काहून येत नाही तू आत्ताच, म्हणाला. मी चिडले, ओरडले. चिडले की तो वाद घालत नाही. इतकी वर्षं त्याचा राग यायचा, आज बरं वाटलं.

३१ ऑगस्ट, सकाळ

रिक्षा आली. नंदूला निळा फ्रॉक घातला, तिच्या आवडीचा. पापा घेतला. आत येऊन कडी लावली. वही नि फोन जवळच्या स्टुलावर.

ठेवला.

छोटा पंजा माझ्या तळव्याखाली अख्खा मावला. गार. मग ऊब— आतून कुणीतरी बोटांत बोटं घातल्यासारखी.

फोन आला, डाव्या हाताने घेतला. गिरणी मागे पडली म्हणे, स्टेशन आलं. नंदू बोलली, आई मी दोन वडापाव खाल्ले, आई मला श्वास येतो. सुदर्शन हसत होता, रडत होता. लवकर ये म्हणाला. म्हटलं, येते.

फोन हातातून निसटला. जमिनीवर, दाराकडे गेला.

दुपार

डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा सुटत नाही. मनगटापर्यंत हिरवं. दुखत नाही, हे वाईट— दुखलं असतं तर माझा आहे असं वाटलं असतं.

रविराज दाराबाहेर कुणाशी तरी बोलत होते. नवीन रंग कधी द्यायचा ते.

मी हाक मारली. बोलणं थांबलं. मग पावलं वर गेली.

आता कोपरापर्यंत. श्वास ओला

फोन वाजतोय. नंदूच. गाडी सुटायच्या आधी तिला माझ्याशी— पाय लांब केला, अंगठा लागतो, सरकत नाही

थांबला.

पुन्हा वाजतोय. येते ग बाई, येते, थोडं अजून, हात