यादीतली शेवटची गल्ली

बाबा, काल महानगरपालिकेचा एक माणूस माझ्या हुडकेश्वरच्या घरी येऊन गेला. इथल्या नव्या पाण्याच्या टाकीला तुमचं नाव द्यायचं ठरतंय. घरच्यांची संमती हवी, शिवाय माजी महापौरांबद्दल चार चांगले शब्द. "लिहून ठेवा मॅडम, सोमवारी येतो," म्हणाला. पाण्याच्या टाकीला! इतकं डोकं फिरलं की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तुमच्या घरात हे चाललं नसतं.

तुमच्या महापौरकीचं ते एकच वर्ष. दारात लाल दिव्याची गाडी आणि घरात नळ नाही. पार काटोल-उमरेडचे लोकसुद्धा कामं घेऊन यायचे, आणि महापौराच्या दारातून कोणी चहाशिवाय जायचं नाही, हा तुमचा हुकूम. त्या चहाचं पाणी, कपबशा विसळायचं पाणी, सगळं आई देवळामागच्या हातपंपावरून आणायची. एकदा ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, गाडी धुवाले दोन बादल्या पायजे होत्या." आईने दिल्या आणि रिकाम्या बादल्या घेऊन पुन्हा पंपावर गेली. तुम्ही ओट्यावर बसून कोणाला तरी नागरिकांचे हक्क समजावत होता. तुमचा तो आवाज आठवला की अजून माझा संताप होतो.

मग नव्या जलवाहिनीची यादी झाली, आणि त्यात आपली गल्ली सर्वांत खाली. आई एवढंच म्हणाली, "माहं काय चुकलं होतं जी?" तुम्ही म्हणालात, "लोकं म्हणतीन, महापौरानं आधी सोताचंच घर पाह्यलं. थांब ना थोडी." ती थांबली. तुमचं वर्ष संपलं, पुढच्या महापौरांनी यादीचं शेपूट कापून टाकलं. तुमची वाहवा झाली. आपल्याकडे नळ आला तेव्हा आईला भरलेली कळशी उचलता येत नव्हती. तुमचं स्वच्छ नाव तिच्या कमरेवर उभं राहिलं बाबा, आणि आता तेच टाकीवर चढणार. तिचं का नाही?

संमतीचा कागद सकाळपासून समोर आहे. चार चांगले शब्द सुचत नाहीत, आणि जे सुचतं ते त्या माणसाला देता येणार नाही. ती यादी माझ्या अक्षरात होती. रविवारी दुपारी तुम्ही एकेक गल्ली सांगत होता, मी लिहीत होते. आपल्या गल्लीपाशी तुम्ही अडलात. "आपली कुठं टाकाची वं?" असं मलाच विचारलंत. सातवीतली मी, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "सगळ्यात शेवटी!" तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.

आई जन्मभर तुम्हाला बोल लावत राहिली. तुम्ही एकदाही माझं नाव घेतलं नाहीत. मीही गप्पच राहिले. पंपावर तिच्यासोबत रोज मीच जायचे, सांगायला वेळ भरपूर होता.