माझ्या शिक्क्याची बॅरलं

१३ जानेवारी, सोमवार
माझी शिकाऊ मृणाल गेली एकदाची नागपूरला! आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दोन आठवडे वर्कशॉपमध्ये शांतता. "काका, चहा घेता? काका, हे असं का?" – काही नाही. मी कुणाचा काका नाही. मी बॅरल सेटर आहे. रायफलची नळी डोळ्याने बघून सरळ करणारा. असे इंग्लंडात किती उरलेत, ते आमच्या मालकाला, पिअर्सला विचारा.

आज सहा बॅरलं केली. एकट्याने. झकास दिवस.

२८ जानेवारी, मंगळवार
आली परत. संत्र्याची बर्फी आणली. मी डबा न उघडता रॉजरपुढे सरकवला. रॉजर म्हणजे आमचा टेस्टर, तयार रायफलींतली एखाददुसरी रेंजवर गोळ्या झाडून बघणारा. त्याने चार तुकडे खाल्ले.

घरी सीमाला सांगितलं, तर तिने मलाच झापलं. "अहो, दोन वर्षं झाली तिला येऊन. एक शब्द गोड बोलला असाल तर शपथ!"

बोललो नाही. बोलणारही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पिअर्सने केबिनमध्ये बोलावून अर्थशास्त्र शिकवलं. आमची रायफल साडेसहा हजार पौंडांना जाते. बाहेरच्या देशातली, मशीनवर झालेली, नऊशेला मिळते. स्कॉटलंडात हरणांमागे जाणाऱ्या नव्या लोकांना तीच पुरते. आमची घेणारे म्हातारे होत चाललेत, दरवर्षी त्यातले दोन-चार कमी होतात.

माणसं मिळत नाहीत ते वेगळंच. सेटरसाठी आठ महिने जाहिरात दिली होती. अर्ज आले दोन! एकाला नळीतून बघताना गरगरायला लागलं. दुसरी मृणाल – हीथ्रोला कार्गोत नऊ वर्षं खोकी हलवलेली. इथली, ब्रॅकनेलची मुलं रस्त्यापलीकडे आयटीच्या ऑफिसात जातात. पगार माझ्या दीडपट, नखं स्वच्छ.

मग मुद्द्यावर आला. "गिरीश, शिकायला तीन वर्षं लागतात हे मला माहीत आहे. पण तिसऱ्या वर्षाचा शिकाऊ पगार मला परवडत नाही. एप्रिलमध्ये तिची परीक्षा घे. पास झाली तर कायम करतो. नाहीतर जाऊ दे."

वा! म्हणजे सुरी माझ्या हातात दिली. आणि पास केली की पुढचा नंबर कुणाचा? बासष्टचा महागडा म्हातारा आणि त्रेचाळीसची स्वस्त बाई. एवढा हिशोब मलाही येतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
११७ ऐवजी १११मध्ये बसलो! फेल्थम स्टेशनला जायचं ते हॅम्प्टनला निघालो. त्या बसवरच्या पिवळ्या आकड्यांना कोण वाचणार? नीट रंगवलेल्या पाट्या होत्या तेव्हा कुणाचं काही अडत नव्हतं. पन्नास मिनिटं उशीर. मृणालने घड्याळाकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

४ मार्च, मंगळवार
प्रेसचं हँडल काल मी सोडलं तसं नव्हतं!

विचारलं. "सॉरी काका, पुसायला घेतलं होतं." खोटं! बाई सकाळी सातला येते, माझ्या आधी तासभर. माझी झालेली बॅरलं पुसायची, तेल लावायचं, रॉजरकडे पोचवायची – त्याला सात कशाला वाजायला हवेत? पिअर्सच्या डोळ्यात भरायला. सांगून टाकलं, "माझ्या प्रेसला मी नसताना हात लावायचा नाही."

मान डोलावली. मग म्हणते, "काका, एक बोलू? डोळे एकदा दाखवून घ्या ना. सहज."

माझे डोळे! खिडकीला आडवी पट्टी आहे, तिची सावली नळीत पडते. रेघ सलग दिसली तर बॅरल सरळ. मोडली तर वाकडं, मग प्रेसमध्ये घालून दाबायचं. चौतीस वर्षं ती रेघ बघतोय मी. आणि ही मला डोळे शिकवणार! इतकं बोललो की रॉजर रेंजमधून बाहेर आला.

२० मार्च, गुरुवार
नेम लागत नाही म्हणून तीन रायफली परत आल्या. एका गिऱ्हाइकाने पत्रात लिहिलंय, "मी म्हातारा झालोय, पण इतका नाही." पिअर्सचा चेहरा बघवत नव्हता. आमच्या पडत्या काळात तीन म्हणजे फार.

तिन्हींवर माझा 'जी'चा शिक्का. अर्थात! शिकाऊ माणूस पास होईपर्यंत त्याच्या कामावर उस्तादाचा शिक्का बसतो, ही इथली जुनी रीत. तिची चूक, अब्रू माझी. पिअर्सला म्हटलं, "ही तिची." रॉजर म्हणाला, तारखा बघू का, जॉब कार्डं आहेत. म्हटलं, गरज नाही.

ती तिथेच उभी होती. तिन्ही रायफली उचलून रॅकवर ठेवल्या. दुसरं करणार काय?

१४ एप्रिल, सोमवार
हाउन्सलोच्या हॉलमध्ये जयंती. पंचशील झाल्यावर मंडळाच्या अंशुमनने गाठलंच. "जयभीम! काय दादा, अजून हरणं मारायची हत्यारं बनवता?" मागच्या वर्षी याच हॉलच्या भाड्यासाठी माझ्याकडून दोनशे पौंड घेऊन गेला, तेव्हा हरीण आठवलं नाही.

मला दोन शब्द बोलायला लावलं. माझ्या वडिलांबद्दल बोललो. त्यांचंही नाव भीमराव, कारखान्यात झाडूवाला. एकवीस वर्षं लेथच्या भोवतीचा कीस गोळा केला, पण मशीनला हात लावू दिला नाही कुणी. रात्रशाळेत पाठवून मला टूलरूमपर्यंत पोचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीमाने डोळे पुसले. मृणाल मागच्या रांगेत होती, माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने टाळी वाजवली नाही.

२३ एप्रिल, बुधवार
परीक्षा. दहा बॅरलं तिने सरळ करायची, मी एकेक खिडकीकडे धरून बघायचं. चांगल्यावर शिक्का, वाईटावर खडूची फुली.

सहा ठीक. चारांवर फुली मारली. रेघ साफ फुटलेली, धुरकट!

हळूच म्हणाली, "काका, ही चार गेजवर लावून बघू या का? प्लीज. फक्त एकदा."

गेज! मी उभा असताना मापाचं यंत्र? कामावर लागलो तेव्हापासून या खोलीत सेटरच्या डोळ्यावर कुणी गेज लावलेलं नाही. नापास असं लिहून सही केली. पिअर्सने दोनदा विचारलं, "खात्री आहे ना?" दोन्ही वेळा हो म्हटलं.

२ मे, शुक्रवार
गेली. ॲप्रन घडी करून ठेवला. "येते काका." मी प्रेसला तेल घालत होतो.

बरं झालं. खरंच बरं झालं.

१५ मे, गुरुवार
त्या तीन परत आल्यापासून रॉजर एकूण एक झाडून बघतो. आज दहापैकी सहा बॅरलं परत पाठवली! सहा! तीन गोळ्या एका पेनीखाली झाकायला हव्यात, त्या बशीभर पांगल्यात म्हणे. पोलाद बदललं असेल. रॉजरचा हात हलत असेल. पिअर्सने सहाही स्वतः मोजली. सेटर एकच, आणि त्याचं हे काम.

वर रॉजरने एक उद्योग करून ठेवला. मी फुली मारलेल्या त्या चारांतलं एक रायफलवर चढवून झाडलं. "गिरीश, तीन गोळ्या, भोक एकच." त्याला कुणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला?

जेवलो नाही. सीमा न विचारता अपॉइंटमेंट घेऊन मोकळी झाली.

२४ मे, शनिवार
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. ज्या डोळ्याने रेघ बघतो, त्यातच. डोळे तपासणारी मुलगी म्हणाली, दोन वर्षं तरी झाली असतील, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

दोन वर्षं.

२७ मे, मंगळवार
आज सातला गेलो. जॉब कार्डं काढली, भिंग लावून वाचली. परत आलेली ती तिन्ही बॅरलं जानेवारीतली – १४, १७ आणि २२ तारखेची. ती नागपुरात होती. बाकी दोन वर्षांतलं माझं प्रत्येक बॅरल आधी तिच्या हातात गेलं, मग रॉजरकडे. त्यातलं एकही परत आलेलं नाही. प्रेसचं ते हललेलं हँडल आठवलं.

फोन केला. पुन्हा कार्गोत लागलीय, मागे ट्रॉल्यांचा खडखडाट. मी तिन्ही तारखा वाचून दाखवल्या.

मग तीच म्हणाली, "काका, डोळे दाखवलेत एकदाचे?"